गिटारची दांडी सरळ राहावी म्हणून

पोलादी तारांची अकूस्टिक गिटार सुरात लावली की तिच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ७५ किलो भरतो. पन्नास किलोच्या दीड गोणीएवढा हा भार रात्रंदिवस, वाजवणारा झोपेत असतानाही, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या लाकडी दांडीला आणि तीन मिलिमीटरच्या आसपास जाडी असलेल्या तबलीला सोसावा लागतो. गिटारवाले दांडीला नेक आणि तबलीला टॉप म्हणतात. सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांचे शब्द मात्र गिटारला तितकेच चपखल बसतात. ताणाने दांडी पुढे झुकते, घोडीमागची तबली फुगते, तारा पडद्यांपासून उंच जातात आणि वाजवणाऱ्याची बोटे दुखू लागतात. गेल्या दोनशे वर्षांत गिटारच्या रचनेत झालेले बरेचसे बदल आवाजासाठी झाले असे मानले जाते. त्यांतले निम्मे तरी वाद्य वाकू नये म्हणून झाले आहेत.

ताणाच्या जोडीला हवा असते. पावसाळ्यात घराचे दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते, त्याचेच हे नाजूक रूप. लाकूड मेल्यावरही हवेतले पाणी घेत आणि सोडत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी मुरलेले असते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ते सुमारे १६ टक्के होते. हे पाणी लाकडाला सर्व दिशांनी सारखे फुगवत नाही. रेषांच्या लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत मात्र पडतो. आणि ओंडक्यातील वर्तुळांना समांतर दिशेने तो केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या दिशेच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो. स्प्रूसची ४० सेंटिमीटर रुंद तबली मोकळी ठेवली, तर ५० वरून ८० टक्के आर्द्रतेत जाताना ती सुमारे ४ मिलिमीटर रुंदावेल. गिटारमध्ये ती चारी बाजूंनी चिकटवलेली असल्यामुळे रुंदावायला जागा मिळत नाही आणि ती वर फुगते. हवा कोरडी झाली की तीच आक्रसते, पण कडा सुटत नाहीत. मग मध्ये तडा जातो.

जुन्या गिटारवाल्यांना यातल्या ताणाची फारशी धास्ती नव्हती. सतराव्या शतकातील युरोपीय गिटारला आतड्यांच्या तारांच्या पाच जोड्या असत आणि त्यांचा ताण कमी असे. व्हायोलिनसाठी प्रसिद्ध असलेल्या अंतोनिओ स्ट्राडिव्हरीने केलेल्या काही गिटार आजही टिकून आहेत. त्यांतली एक १६७९ सालची आहे. त्या काळी पडदेसुद्धा आतड्याचेच आणि दांडीभोवती बांधलेले असत. दांडी जराशी हलली तर पडदा सरकवता येई. काळजी वाहावी लागे ती तारांची. आतड्याची तार दमट हवेत फुगते, सूर सोडते आणि ऐन वेळी तुटते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पाच जोड्यांची जागा सहा एकेरी तारांनी घेतली होती आणि धातूचे पडदे दांडीत पक्के बसवले जाऊ लागले होते. त्यानंतर दांडीचा सरळपणा हा स्वतंत्र प्रश्न झाला, कारण पक्का पडदा सरकवून चूक झाकता येत नाही.

व्हिएन्नाचा योहान जॉर्ज स्टाउफर याने १८२०च्या दशकात त्यावर एक मजेदार तोड काढली. त्याच्या काही गिटारची दांडी पेटीला पक्की चिकटवलेली नसे. दांडीच्या टाचेत एक स्क्रू असे आणि भिंतीवरच्या घड्याळाला देतात तशा किल्लीने तो फिरवून दांडीचा कोन बदलता येई. दांडीचा बाक याने जात नसे, पण तारा उंच झाल्या तर वाजवणारा स्वतःच त्या खाली आणू शकत असे. पुढे शंभर वर्षांनी जे अमेरिकेत घडले, त्याची चाहूल या किल्लीत होती, असे म्हटले तर फार वावगे ठरू नये.

याच स्टाउफरच्या हाताखाली ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन शिकला. मार्टिनचा जन्म १७९६चा, जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या मार्कनॉयकिर्शेन या वाद्यकारागिरांच्या गावचा. तिथे व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ आणि कपाटे-टेबले करणाऱ्या सुतारांचा संघ यांच्यात वाद पेटला होता. मार्टिनचे घराणे सुतारांच्या बाजूचे. गिटार करण्याचा अधिकार फक्त आपला, सुतारांचा नाही, असे व्हायोलिनवाल्यांचे म्हणणे. या कटकटीला कंटाळून मार्टिनने १८३३ साली न्यूयॉर्क गाठले आणि १८३९मध्ये पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावी बस्तान हलवले. त्याने काढलेली कंपनी आजही तिथेच आहे. आपल्याकडे मिरजेत याच एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंबोरा-सतारीचे काम हाती घेतले आणि ते गावच वाद्यांसाठी नावारूपाला आले. तंतुवाद्यांच्या इतिहासात दुसऱ्या धंद्यातून आलेल्या माणसांनी बरेच काही करून ठेवले आहे, याचे हे दोन दाखले.

मार्टिनच्या नावाशी जोडली गेलेली मोठी गोष्ट म्हणजे तबलीच्या आतला फुलीचा आधार. तबली पातळ असेल तर आवाज मोकळा येतो, पण ती ताणाने बसते. जाड असेल तर टिकते, पण बोलत नाही. म्हणून तबली पातळ ठेवून तिला आतून बारीक पट्ट्या चिकटवतात. स्पेनमध्ये अंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) याने घोडीखाली पंख्यासारख्या पसरणाऱ्या सात पट्ट्यांची रचना घडवली आणि पेटीचा आकार व तारांची सुमारे ६५ सेंटिमीटर लांबी रूढ केली. आवाज तबलीतून येतो, पाठीतून किंवा बाजूंतून नव्हे, हे पटवून देण्यासाठी त्याने १८६२ साली पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या असलेली गिटार तयार केली. आजची शास्त्रीय गिटार मूलतः तोर्रेसचीच आहे. अमेरिकेत मात्र १८४०च्या दशकात दोन मुख्य पट्ट्या ध्वनिछिद्राच्या खाली एकमेकींना छेदतील अशी, फुलीच्या आकाराची मांडणी आली आणि मार्टिनने ती स्थिर केली. तीही आतड्याच्या तारांसाठीच होती. पन्नास-साठ वर्षांनी पोलादी तारा आल्या तेव्हा ती त्यांच्या ओढीला पुरून उरली. हा निव्वळ योगायोग. पंख्याच्या आधाराची हलकी तबली पोलादी तारांखाली फार दिवस तग धरत नाही.

पोलादी तारांचे आकर्षण मुख्यतः त्यांच्या मोठ्या आवाजात होते. मेंडोलिन आणि बँजो यांच्यासमोर आतड्याची गिटार ऐकू येत नसे. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या प्रदर्शनानंतर हवाई बेटांच्या संगीताचे वेड अमेरिकेला लागले आणि तारेवर लोखंडी कांब सरकवून वाजवण्याच्या त्या पद्धतीला पोलादी तारच हवी होती. हीच पद्धत पुढे भारतात येऊन हिंदी चित्रपटसंगीतात आणि ब्रिजभूषण काबरा यांच्या हातून रागसंगीतातही रुळली. मार्टिन कंपनीने १९२२मध्ये पोलादी तारांचा पहिला नियमित नमुना बाजारात आणला आणि दशक संपेपर्यंत तिच्या बहुतेक गिटार पोलादी तारांच्या झाल्या. ताण जवळजवळ दुप्पट झाला. आता दांड्या खरोखरच वाकू लागल्या.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय मिशिगनमधल्या कलामाझू गावी सापडला. तिथे ऑर्व्हिल गिब्सनच्या नावाने १९०२ साली कंपनी निघाली होती. तिच्यातील थॅडियस मॅकह्यू या कारागिराने १९२१मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३मध्ये ते मंजूर झाले. कल्पना साधी होती. दांडीच्या आत लांब खाच घेऊन तिच्यात पोलादी गज बसवायचा, त्याचे एक टोक टाचेकडे जखडायचे आणि खुंट्यांकडच्या टोकाला आटे पाडून नट लावायचा. नट आवळला की गज तारांच्या उलट दिशेला जोर करतो आणि पुढे झुकलेली दांडी मागे येते. सैल केला की तारा तिला पुन्हा पुढे ओढतात. यालाच ट्रस रॉड म्हणतात. गिब्सनच्या गिटारवर तो नट खुंट्यांच्या पाट्यावर घंटेच्या आकाराच्या छोट्या झाकणाखाली लपवलेला असतो. दांडीत लोखंड घालण्याची युक्ती त्याआधीही होती. मॅकह्यूचे श्रेय गज नंतरही जुळवता येण्यात आहे. पूर्वी दांडी वाकली की वाद्य कारागिराकडे जाई आणि तो पडदे काढून त्यांखालची पट्टी रंधून देई. आता एक पाना पुरू लागला.

एक गैरसमज मात्र या पान्यासोबतच पसरला. दांडी फुटपट्टीसारखी सरळ असावी, असे पुष्कळांना वाटते. तार वाजताना तिचा झोका मध्यभागी सर्वांत रुंद असतो. दांडी अगदी सरळ केली तर ती मधल्या पडद्यांवर झणझणते. म्हणून दांडीला सातव्या-आठव्या पडद्याजवळ ०.१ ते ०.२५ मिलिमीटर एवढा बाक मुद्दाम ठेवतात. जाड कागदाच्या जाडीएवढा हा बाक. दुसरा गैरसमज त्याहून महागात पडतो: तारा उंच झाल्या की त्याला दांडीचाच दोष समजून नट आवळत राहणे. तारांची उंची दांडीचा बाक, दांडीचा पेटीशी असलेला कोन आणि तबलीचा फुगवटा या तिन्हींवर ठरते, आणि गज यांतल्या फक्त पहिल्याला उत्तर आहे.

ट्रस रॉडने प्रश्न सुटला असता तर सगळ्यांनी तो लगेच उचलला असता. पेटंटमुळे १७ वर्षे तो गिब्सनकडे राहिला, हे खरे. तरी मार्टिनची गोष्ट निराळी आहे. ती कंपनी आधी दांडीत अबनूसची पट्टी घालत असे. १९३४पासून टी आकाराची पोलादी पट्टी आली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाल्यावर पुन्हा अबनूस आले, युद्धानंतर पोलाद परतले, १९६७पासून चौकोनी पोलादी नळी बसू लागली आणि जुळवता येणारा गज थेट १९८५मध्ये आला. तोवर मॅकह्यूचे पेटंट संपून ४५ वर्षे झाली होती. मार्टिनच्या या न हलणाऱ्या पट्ट्यांच्या दांड्या पुष्कळदा टिकल्या. जिथे वाकल्या तिथे मात्र वापरणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. युद्धकाळात गिब्सननेही काही गिटार गजाशिवाय, जाडजूड दांडी ठेवून काढल्या. लिओ फेंडरने १९५०मध्ये घन लाकडाची विजेवर चालणारी गिटार बाजारात आणताना कठीण मेपलच्या दांडीला गजाची गरज नाही असे धरले होते; सुरुवातीच्या दांड्या वाकल्यावर गज घालावा लागला. नायलॉनच्या तारा १९४०च्या दशकात आल्या. त्यांचा ताण सुमारे ४० किलोच असल्यामुळे शास्त्रीय गिटारच्या दांडीत आजही बहुधा गज नसतो.

गज ज्याला हात लावू शकत नाही, तो कोन. वीस-तीस-चाळीस वर्षांच्या ओढीने पेटीच ध्वनिछिद्राभोवती किंचित आत दुमडते आणि दांडीची टाच पुढे झुकते. मग घोडीवरचे हाड कितीही तासले तरी तारा उंचच राहतात. अशा वेळी दांडी पेटीपासून सोडवून तिची टाच कणभर तासतात आणि ती नव्या कोनात पुन्हा बसवतात. जुन्या गिटारचा सांधा कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा आणि प्राण्यांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचा असतो. पंधराव्या पडद्याच्या खाचेतून बारीक भोक पाडून आत वाफ सोडली की तो सरस विरघळतो. उष्णतेने आणि ओलाव्याने सुटणारा हा सरस उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत घोडी उखडून टाकतो, त्याच गुणाने दुरुस्ती सोपी करतो. अलीकडे अनेक कंपन्या दांडी बोल्टने जोडतात. अमेरिकेतील टेलर कंपनीने १९९९मध्ये आणलेली रचना दांडीचा कोन काही मिनिटांत बदलू देते. घड्याळाच्या किल्लीची आठवण इथे पुन्हा येते.

लाकडाची निवड हाही बचावाचाच भाग होता. ओंडका केंद्रातून चिरून, रेषा उभ्या येतील अशा काढलेल्या फळ्या कमी वाकतात. त्या वर्षानुवर्षे वाऱ्यावर मुरवतात. दांडीसाठी अमेरिकी कारखान्यांनी महोगनी पसंत केली, कारण तिच्या दोन दिशांच्या आक्रसण्यात फरक कमी असतो आणि त्यामुळे ती पीळ घेत नाही. स्पेनमधील कारागीर दांडीला ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात ते लाकूड वापरत आले. ते सीडर नव्हे, महोगनीचेच भाईबंद आहे. सतार-तंबोऱ्याला आवडीने वापरले जाणारे तूनही याच कुळातले; एके काळी वनस्पतिशास्त्रात ते स्पॅनिश सीडरच्याच प्रजातीत धरले जाई. हे सगळे कडुनिंबाचे कुळ. हलके, सरळ रेषांचे आणि ऋतुबदलात शांत राहणारे लाकूड शोधताना सेव्हिल, नाझरेथ आणि मिरज इथले कारागीर एकमेकांना न विचारता एकाच कुळापाशी पोचले.

पाठ आणि बाजूंसाठी ब्राझिलियन रोजवूडला मान होता. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखल्यावर मार्टिनने १९६९च्या अखेरीस भारतीय शिसव घेतला आणि तेव्हापासून दक्षिण भारतातील व पश्चिम घाटातील शिसव जगभरच्या गिटारांत जाऊ लागला. हवामानाच्या बदलात तो ब्राझिलियन लाकडापेक्षा कमी तडकतो, हे कारागीर आवर्जून सांगतात. ग्राहक मात्र अजूनही ब्राझिलियन लाकडासाठी कित्येक पट पैसे मोजतात. २०१७पासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस सूट मिळाली.

हवेवर ताबा मिळवण्याची साधने वाद्यांसाठी निघाली नव्हती. जिनिव्हाच्या सोस्यूरने १७८३मध्ये माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक मांडला; दमट हवेत केस लांबतो, कोरड्यात आखडतो. विलिस कॅरिअरने १९०२मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी हवा थंड व कोरडी करणारे यंत्र आखले ते कागद फुगून रंग सरकत होते म्हणून. वाद्यांच्या कारखान्यांनी या दोन्हींचा पुढे पुरेपूर लाभ घेतला. आता नामवंत कारखाने ४५ ते ५० टक्के आर्द्रतेतच गिटार जोडतात आणि ग्राहकानेही ती ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवावी असे सांगतात.

दुसरी वाट घन लाकूडच टाळण्याची. जपानच्या यामाहाने १९६६मध्ये आणलेल्या एफजी मालिकेच्या पहिल्या गिटार प्लायच्या होत्या. एकमेकांना आडव्या रेषांचे थर चिकटवलेले असल्यामुळे प्लाय फुगत नाही, तडकत नाही आणि आवाजात थोडा मुका असतो. शिकाऊ मुलांसाठी हा सौदा फायद्याचा ठरला. त्याच वर्षी अमेरिकेत हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स केमनने ओव्हेशन ही काचतंतूच्या गोल पाठीची गिटार आणली. पात्यांच्या कंपनांवर काम करणाऱ्या माणसाला तबलीचे कंपन परके नव्हते. १९९०च्या दशकात हवाईतील जॉन डेकर यांनी संपूर्ण कार्बनतंतूची गिटार विकायला काढली. तिथल्या दमट हवेने लाकडी गिटारची होणारी दैना त्यामागे होती, आणि कंपनीचे नावही रेनसाँग ठेवले. अशा गिटारला हवा बाधत नाही, पण लाकडाचा आवाज ज्याच्या कानात बसला आहे तो तिच्याकडे सहसा वळत नाही. २०१०च्या दशकात मधला मार्ग आला: स्प्रूस ऑक्सिजनविरहित भट्टीत भाजून त्याची पाणी पिण्याची ओढ कमी करायची.

गिटार सांभाळण्याची छापील माहिती बहुतेक थंड देशांत लिहिली गेली आहे. तिथे हिवाळ्यात घरे तापवल्याने आतली हवा अतिशय कोरडी होते, म्हणून तिथला पहिला सल्ला पेटीत ओला स्पंज ठेवण्याचा असतो. मुंबई-गोव्यात जुलै महिन्यात तो पाळणे म्हणजे बुडत्याला पाणी पाजणे. कोकणपट्टीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद केलेली कडक पेटी, दर काही दिवसांनी पुड्या गरम करून वाळवणे आणि आत ठेवलेला छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी मात्र हवा युरोपातल्या हिवाळ्यात तापवलेल्या घरांतल्याइतकी कोरडी असते आणि तिथे ओला स्पंज योग्य ठरतो. पाणी देणारी आणि घेणारीही दुहेरी पाकिटे मिळतात; ती पेटी घट्ट बंद असेल तरच उपयोगी. बाहेरच्या भिंतीला टेकवलेली, वातानुकूलित खोलीतून दमट दिवाणखान्यात रोज फिरणारी गिटार यांपैकी कशानेही वाचत नाही.

तारा उतरवाव्यात की नाही, यावर कारागिरांत मतभेद आहेत. तंबोऱ्याच्या तारा प्रवासाआधी उतरवतात, कारण त्याच्या दांडीत उलटा जोर करणारे काही नसते. ट्रस रॉड असलेल्या गिटारच्या तारा पूर्ण सोडल्या तर आवळलेला गज एकटाच दांडीला मागे खेचतो. महिनोन्महिने ठेवायची झाली तर तारा एक-दोन सूर खाली आणणे पुरेसे असते. रोज वाजणाऱ्या गिटारची दांडी कोकणात पावसाळा लागला की पुढे झुकते आणि नटाला पाव फेरा आवळावा लागतो. दिवाळीनंतर हवा सुकली की तोच पाव फेरा सैल करावा लागतो.